तुकडा कुणाच्या शेजारी? नकाशाच्या पझलमधून मुलांना जगाचा भूगोल

पाचवीतल्या मुलाला पेरूची राजधानी विचारा. पाठ असेल तर 'लिमा' असे उत्तर फटकन येते. आता विचारा, पेरूच्या शेजारी कोणकोणते देश आहेत? मूल आढ्याकडे बघायला लागते. यात त्याचा दोष नाही. राजधान्यांची यादी पाढ्यांसारखी कानाने पाठ होते, तिला नकाशा लागतच नाही. शेजार मात्र डोळ्यांनी आणि हातांनीच कळतो, आणि नकाशाचे पझल उपयोगी पडते ते इथे. ब्राझीलचा तुकडा हातात आला की तो कुठेतरी टेकवावा लागतो, आणि टेकवायचा म्हणजे आजूबाजूला कोण आहे हे बघावेच लागते.

म्हणून पझलकडून आधी शेजार शिकून घ्यायचा. नावे मागाहून येतात, राजधान्या त्याहून मागाहून. पहिल्यांदाच पझल आणणारे आईवडील, नातवंडांना घेऊन बसणारे आजी-आजोबा, बालवाडीच्या ताई आणि प्राथमिकचे शिक्षक यांच्यासाठी हे लिहीत आहे. तुमचा स्वतःचा भूगोल कच्चा असला तरी हरकत नाही. उलट 'मलाही माहीत नाही, चल शोधू' असे म्हणणारा मोठा माणूस मुलांना फार आवडतो.

ही कल्पना जुनी आहे. १७६० च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवला, देशांच्या सीमांवरून तो करवतीने कापला आणि मुलांना भूगोल शिकवण्याचे साधन म्हणून विकायला ठेवला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांना लेडी शार्लट फिंच अशाच कापलेल्या नकाशांवरून शिकवत. म्हणजे जिगसॉ पझलचा जन्मच भूगोलाच्या तासाला झाला. कुत्र्याची पिल्ले, किल्ले आणि कार्टून त्यावर पुष्कळ नंतर आली.

घेण्याआधी तुकडे बघा

दुकानात किंवा ऑनलाइन 'वर्ल्ड मॅप पझल' म्हणून जे मिळते त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. एकात जगाचा छापील नकाशा नेहमीच्या जिगसॉसारखा वेडावाकडा कापलेला असतो. त्याच्या एका तुकड्यावर अर्धा चाड, पाव लिबिया आणि कोपऱ्यात एक जिराफ. मूल तो जिराफाच्या पायाला पाय जुळवून लावते. लक्ष वाढते, संयम वाढतो, भूगोल वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तुकडा म्हणजे एक देश किंवा एक खंड असतो आणि काप सीमेवरूनच गेलेला असतो. आपल्याला हा दुसरा हवा. खोक्यावरच्या चित्रावरून ते कळत नसेल तर विक्रेत्याला सुट्या तुकड्यांचा फोटो मागा.

काप योग्य असला तरी आणखी काही गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे ग्रीनलँड. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलँडचे साधारण २१.७ लाख. पझलमधला ग्रीनलँड भारतापेक्षा मोठा, किंवा थेट आफ्रिकेएवढा दिसत असेल, तर तो नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत १५६९ सालची, जहाजांना दिशा धरून जाता यावे म्हणून केलेली. त्या कामाला ती उत्तम, पण ध्रुवांकडे जावे तसे देश फुगत जातात. खरा आफ्रिका खंड ग्रीनलँडच्या जवळपास चौदा पट आहे. हातात धरलेल्या आकाराची छाप मुलांच्या मनावर पक्की बसते, त्यामुळे क्षेत्रफळाला बऱ्यापैकी न्याय देणारा नकाशा मिळाला तर तोच घ्या.

दुसरी गोष्ट भारताची सीमा. परदेशी बनावटीच्या अनेक पझलांत जम्मू-काश्मीर आणि लडाखचा भाग तुटक रेषांनी किंवा वेगळ्या रंगाने दाखवलेला असतो. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे आणि मुलाला शाळेत तोच नकाशा भरायचा आहे. शक्यतो भारतीय बनावटीचे पझल घ्या. परदेशातून कुणी मावशी-काकांनी पाठवलेले असेल तर फेकू नका, मूल थोडे मोठे झाले की दोन्ही नकाशे शेजारी ठेवून फरक दाखवा. सीमांवर वाद असतात हेही त्याला कधीतरी कळायचेच आहे.

तिसरी गोष्ट पझलचे वय. आफ्रिकेत सुदान एकच अखंड तुकडा असेल तर ते २०११ पूर्वीचे आहे. स्वाझीलँडचे नाव २०१८ मध्ये एस्वातिनी झाले, मॅसिडोनिया २०१९ मध्ये उत्तर मॅसिडोनिया झाला. भारताच्या पझलमध्ये तेलंगण (२०१४) आणि लडाख (२०१९) वेगळे हवेत. माळ्यावर सापडलेल्या एखाद्या पझलमध्ये सोव्हिएत संघाचा अवाढव्य तुकडा निघाला तर तो सुरुवातीला मुलासमोर आणू नका, पण जपून ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर जुने आणि नवे पझल एकत्र मांडले की गेल्या शतकाचा इतिहास आपोआप सुरू होतो.

सामग्रीत लाकूड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सर्वांत टिकाऊ, फोम लहानांना धरायला सोपा, पुठ्ठा स्वस्त पण कोपरे लवकर दुमडतात. चुंबकी पझल फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटावर लावता येते. घर लहान असेल तर ते सोयीचे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते बघा. आणि घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर बेल्जियम त्याच्या तोंडात जाणार हे धरूनच चाला. बारीक तुकड्यांचे पझल उंचावर ठेवा.

सुरुवात जिल्ह्यापासून की जगापासून?

शाळेत भूगोल घरापासून बाहेर जातो: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि मग जग. अभ्यासक्रमासाठी हा क्रम ठीक आहे. पझलसाठी मी तो उलटा करते, कारण साधा आहे. महाराष्ट्राचे जिल्हे ३६, त्यांचे आकार एकमेकांत मिसळणारे आणि सीमा नागमोडी. जगाचे खंड सात, आणि सातही दुरून ओळखू येणारे. चार वर्षांच्या मुलाला वाशिम आणि हिंगोलीपेक्षा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका लावणे कितीतरी सोपे जाते. जिल्ह्यांचे पझल अवश्य घ्या, पण दुसरी-तिसरीत.

माँटेसोरी शाळांमध्येही आधी जग, मग खंड, मग देश असाच क्रम असतो. त्यांच्या लाकडी नकाशांत प्रत्येक तुकड्याला धरायला एक छोटी मूठ असते आणि खंडांचे रंग ठरलेले असतात: आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप लाल, उत्तर अमेरिका केशरी, दक्षिण अमेरिका गुलाबी, ऑस्ट्रेलिया तपकिरी, अंटार्क्टिका पांढरा. तुम्ही घरी काही बनवणार असाल तर हेच रंग धरा. पुढे शाळेत किंवा दुसऱ्या संचात तेच भेटले तर मुलाचा गोंधळ होत नाही.

पहिली पायरी: सात खंड

साधारण साडेतीन-चार वर्षांचे मूल घेऊन जमिनीवर बसा. टेबल नको, जमिनीवर मुलाला नकाशाभोवती फिरता येते. पूर्ण लावलेले पझल समोर ठेवा आणि काही न शिकवता एक तुकडा उचला. त्याच्या कडेवरून बोट फिरवा, मुलाला फिरवू द्या, मग परत जागेवर ठेवा. दुसरा तुकडा मुलाने उचलायचा. पहिल्या दिवशी एवढेच. नाव विचारले तर सांगा, नाही विचारले तर थांबा.

दोन-तीन दिवसांनी सगळे तुकडे बाहेर काढून लावायला द्या. चुकीच्या जागी ठेवला तर 'चूक' म्हणू नका. तुकडा बसत नाही हे पझलच सांगते, आणि मुलाला ते तुमच्यापेक्षा पझलकडून ऐकायला बरे वाटते. हात धरून तुकडा फिरवून देण्याचा मोह फार होतो, विशेषतः आजोबांना. तो आवरा.

नावे तीन टप्प्यांत द्या. आधी तुम्ही सांगा: 'हा आफ्रिका, हा आशिया.' दुसऱ्या दिवशी विचारा: 'आफ्रिका कुठला, दे बघू.' हे जमू लागले की मगच तुकडा हातात धरून 'हा कोण?' एका वेळी दोन किंवा तीनच नावे. सातही नावे एकदम सांगितली की सातही विसरली जातात.

खंड बसू लागले की रिकाम्या जागेकडे लक्ष वेधा. निळा भाग म्हणजे समुद्र, आणि तो जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. 'आपण कुठे राहतो?' हा प्रश्न इथे येतोच. आशियाच्या तुकड्यावर भारताच्या जागी एक छोटी टिकली लावा. कागदी कुंकवाची टिकली या कामाला झकास, निघतेही आणि पुन्हा लागतेही.

दुसरी पायरी: दक्षिण अमेरिका

इथे बहुतेक जण आशिया काढतात, कारण त्यात भारत आहे. माझा सल्ला दक्षिण अमेरिकेचा. फक्त बारा देश, तुकडे मोठे आणि आकार लक्षात राहण्यासारखे. लांबलचक चिली (सुमारे ४,३०० किलोमीटर लांब, रुंदी सरासरी पावणेदोनशे), मधोमध पसरलेला ब्राझील, आणि समुद्र नसलेले दोनच देश: बोलिव्हिया आणि पॅराग्वे. फ्रेंच गयानाचा बारका तुकडाही असेल, पण तो देश नाही, फ्रान्सचा भाग आहे. हे पाच वर्षांच्या मुलाला आत्ताच सांगायची गरज नाही.

आता शेजाराचे प्रश्न सुरू करा. ब्राझील आधी ठेवा आणि विचारा, याला कोण कोण चिकटते? एकेक तुकडा आणून टेकवायचा. शेवटी कळते की चिली आणि इक्वेडोर सोडून बाकी सगळे देश ब्राझीलला लागून आहेत. हे मुलाने स्वतः शोधायला हवे. तुम्ही आधी सांगून टाकले तर ते एका वाक्याचे प्रश्नोत्तर होऊन बसते.

दुसरा प्रश्न: 'हा तुकडा समुद्राला लागतो का?' सहा वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो. तुकडे दोन ढिगांत वेगळे करायचे, समुद्रवाले आणि बिनसमुद्राचे. पुढे आठवी-नववीत 'भूवेष्टित देश' हा शब्द पुस्तकात आला की त्याचा अर्थ आधीच हातांना ठाऊक असतो.

सीमा अशा का?

सात-आठ वर्षांचे झाले की मुले स्वतःच विचारतात: हा तुकडा सरळ कापलाय आणि तो वाकडातिकडा, असे का? या प्रश्नाची वाट बघा. आला की बाकी सगळे बाजूला ठेवून यावर वेळ घालवा, कारण पझलमधून मिळणारा सर्वांत रसाळ भाग हा आहे.

वाकड्यातिकड्या सीमा बऱ्याचदा नदी किंवा डोंगराच्या असतात. चिली आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये अँडीज पर्वत, फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेच्या मोठ्या भागात रिओ ग्रांदे नदी. सरळ सीमा मात्र कुणीतरी पट्टीने आखलेल्या असतात. इजिप्त आणि सुदान यांच्यातली सीमा मुख्यतः २२° उत्तर अक्षवृत्तावर आहे, अमेरिका-कॅनडाची सीमा पश्चिमेकडे लांबवर ४९° उत्तर अक्षवृत्तावरून जाते. अक्षवृत्त म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला मुहूर्त नाही.

मग आफ्रिका उघडा. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय सत्तांची परिषद भरली आणि आफ्रिकेतल्या वाटणीचे नियम ठरले. त्या टेबलाभोवती आफ्रिकेतला एकही प्रतिनिधी नव्हता. आफ्रिकेच्या सीमा इतक्या ठिकाणी सरळ का, याचे बरेचसे उत्तर त्या काळात सापडते. नामिबियाचा तुकडा मुलाच्या हातात द्या. ईशान्येला एक लांब बोट बाहेर आलेले दिसेल. ही कॅप्रिव्ही पट्टी. १८९० च्या करारात जर्मनीने ती मिळवली, झांबेझी नदीपर्यंत पोहोचता यावे म्हणून, आणि नाव मिळाले जर्मन चॅन्सेलर लिओ फॉन कॅप्रिव्ही यांचे. तसेच एक बोट अफगाणिस्तानलाही आहे, पूर्वेकडे: वाखान. रशियाचे साम्राज्य आणि ब्रिटिश भारत यांच्या हद्दी एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये ठेवलेली ही चिंचोळी पट्टी. गांबिया तर जवळजवळ पूर्ण सेनेगलच्या पोटात आहे, एका नदीच्या दोन काठांपुरता. लेसोथो पूर्णच दक्षिण आफ्रिकेच्या आत.

समुद्र गमावलेल्या देशांच्या गोष्टीही इथेच सांगा. बोलिव्हियाला एके काळी किनारा होता. १८७९ ते १८८४ च्या युद्धात तो चिलीकडे गेला. इथिओपियाचा किनारा १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाल्यावर गेला. दोन्ही गोष्टी तुकडे हलवत सांगता येतात. इरिट्रिया उचलून बाजूला ठेवला की इथिओपिया आणि समुद्र यांच्यामध्ये काय आले ते तोंडाने सांगावे लागत नाही.

आशिया, आफ्रिका, युरोप: पुढचा क्रम

आशियात भारतापासून सुरुवात करून जमिनीवरचे सात शेजारी लावा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार. समुद्रापलीकडे श्रीलंका आणि मालदीव. हे पक्के झाले की म्यानमारच्या बोटाला धरून आग्नेय आशियाकडे उतरा आणि अफगाणिस्तानकडून मध्य आशियात चढा. अख्खा खंड एकदम समोर ओतू नका.

आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यांचे चार-पाच गट करा. उत्तरेकडचा भूमध्य समुद्राचा किनारा आधी, मग पूर्व किनारा, मग दक्षिण, मग पश्चिमेचा दाट भाग, आणि शेवटी मधले. १६ देशांना समुद्र नाही. ते वेगळ्या ताटलीत ठेवून शेवटी बसवायचे. ही युक्ती चांगली चालते, कारण किनारा पूर्ण झाला की आतली जागा आपोआप आखली जाते.

युरोपची घाई करू नका. तुकडे बारीक, त्यात व्हॅटिकन आणि सान मारिनो यांना बहुतेक संचांत तुकडाच नसतो, आणि पोलंड-लिथुआनियामध्ये एक सुटा तुकडा सापडतो जो रशियाचा असतो. तो कालिनिनग्राद. मुलांना वाटते दुकानदाराने चुकून जास्तीचा दिला. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन शेवटी.

ओशनिया पझलमध्ये नीट येतच नाही. ऑस्ट्रेलिया लावला की झाले असे मुलांना वाटते. फिजी, टोंगा, सामोआ छापील ठिपके असतात. तसाच हिंदी महासागरातला मॉरिशस बऱ्याच संचांत गायब असतो. तिथे कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे आपल्या मुलांना तो माहीत हवा. मादागास्करच्या पूर्वेला निळ्या भागावर एक शर्टाचे बटण चिकटवून टाका.

स्वयंपाकघर आणि क्रिकेट

नुसते लावणे-काढणे महिनाभरात कंटाळवाणे होते. तेव्हा घरातल्या वस्तू नकाशावर आणा. आपल्याकडची तूरडाळ पुरत नाही तेव्हा ती म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून येते. मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून. हिंगाचा कच्चा माल अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून. डाळीचे चार दाणे मोझांबिकच्या तुकड्यावर ठेवले की तो तुकडा पुन्हा कधी चुकत नाही. मोठ्या मुलांसाठी उलटा प्रश्न: मिरची, बटाटा, काजू आणि साबुदाण्याचा कंद ही मूळची अमेरिका खंडांतली, पाचशे वर्षांपूर्वी आपल्या ताटात यातले काय नव्हते? उपासाच्या दिवशी हा प्रश्न विचारावा. आजीला धक्का बसतो, पण गप्पा रंगतात.

क्रिकेटवेड्या मुलाला वेस्ट इंडीजचा तुकडा शोधायला सांगा. सापडत नाही. कारण तो एक देश नाहीच. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशी कितीतरी बेटे आणि सोबत गयाना, जो बेट नसून दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. नुसत्या या एका शोधात पाऊण तास जातो.

नात्यातली माणसेही नकाशावर येतात. दुबईची आत्या, मस्कतचा काका, न्यू जर्सीची ताई. त्यांच्याशी व्हिडिओ कॉल असेल तेव्हा पझल समोर ठेवा आणि मधले देश मोजा. तिकडे आत्ता दिवस आहे की रात्र, हा प्रश्न मूल स्वतः विचारते.

सपाट नकाशा आणि गोल पृथ्वी

पझल कितीही चांगले असले तरी सपाट असते, आणि त्यातून एक गैरसमज हमखास होतो: अलास्का डाव्या टोकाला, सायबेरिया उजव्या टोकाला, म्हणजे दोन्ही जगाच्या विरुद्ध बाजूंना. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये बेरिंगची सामुद्रधुनी आहे आणि ती सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ८५ किलोमीटर आहे. मुंबई ते लोणावळा साधारण एवढेच. म्हणून घरात छोटा का होईना पृथ्वीगोल हवाच. पझलमधला तुकडा हातात घेऊन तोच देश गोलावर शोधायचा, हा रोजचा पाच मिनिटांचा खेळ ठेवा. लाल लोकरीचा धागा विषुववृत्तावर, आधी गोलावर आणि मग पझलवर ठेवून बघा. इक्वेडोरपासून इंडोनेशियापर्यंत तो कुठल्या तुकड्यांवरून जातो ते लिहून काढायला सांगा.

घरी बनवायचे असेल तर

मुठीचे लाकडी संच महाग असतात आणि प्रत्येक खंडाचा वेगळा संच घ्यायचा तर खर्च बराच होतो. घरी बनवलेले पझल कमी दर्जाचे असते असे अजिबात नाही. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंची साधने करूनच.

एका खंडाच्या, फक्त सीमा असलेल्या राजकीय नकाशाच्या दोन प्रती झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात काढून घ्या. एक प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, ही पाटी. दुसरी प्रत वेगळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापायची. चिकटवायला फेविकॉल पातळ करून किंवा गव्हाच्या पिठाची खळ. पसरताना मधून कडेकडे हात फिरवा, नाहीतर फुगे राहतात. रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. ओला पुठ्ठा कापला की कडा फाटतात.

कापण्याआधी सीमा थोड्या सोप्या करून घ्या. नॉर्वेच्या किनाऱ्यावरची प्रत्येक खाच कापत बसलात तर पझल पूर्ण होणार नाही. लक्झेंबर्ग, लिश्टेनस्टाइन यांसारखे देश वेगळे कापू नका, शेजाऱ्याच्या तुकड्यावरच रंगवून दाखवा. कटर मोठ्यांनीच चालवायचा. प्रत्येक तुकड्याला दंतमंजनाच्या नळीचे टोपण किंवा मोठा मणी चिकटवला की मूठ तयार. जवळ सुतारकाम करणारे कुणी असेल तर पातळ प्लायवर करवतीने कापून घ्या, मग ते पुढच्या भावंडांनाही पुरते.

नावे देवनागरीत लिहा, पण तुकड्यावर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठ्या करा आणि तुकडा लागल्यावर चिठ्ठी ठेवायची. नाव तुकड्यावरच असेल तर मूल वाचून लावते, आकार बघतच नाही. विकतच्या इंग्रजी पझललाही अशा चिठ्ठ्या करता येतात. दृष्टी अधू असलेल्या मुलासाठी पाटीवरच्या सीमा जाड दोऱ्याने उठावदार करा आणि समुद्राच्या जागी पॉलिश पेपर लावा. स्पर्शाने पूर्ण नकाशा लागतो.

रंगवण्याआधी मुलाला एक आव्हान द्या: शेजारच्या दोन देशांना एकच रंग नको, मग कमीत कमी किती रंग लागतील? सपाट नकाशाला चार रंग पुरतात, हे १९७६ मध्ये गणितज्ञांनी संगणकाची मदत घेऊन सिद्ध केले. मूल पाचवा रंग मागायला येते तेव्हा त्याला परत पाठवण्यात एक वेगळीच मजा आहे.

वर्गात चाळीस मुले असतील तर

एका पझलवर चाळीस मुले बसत नाहीत. चार-पाचांच्या गटात एकेक खंड द्या आणि आठवड्याने बदला. पटांगणावर खडूने दक्षिण अमेरिका आखून मुलांनाच देश करा. प्रत्येकाच्या हातात नावाची पाटी, आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ब्राझील झालेल्या मुलाला दोन हात पुरत नाहीत, तो ओरडतो, आणि वर्गाला शेजार कळतो. मग चिलीला विचारा, तुझ्या एका बाजूला कोणीच का नाही?

अडले तर

मूल रंग पाठ करून लावत असेल तर डोळे मिटून, तुकडे चाचपून लावायला द्या. रोज लावते पण नावे सांगत नाही, असे असेल तर काळजी करू नका, नावांना वेळ लागतो. घड्याळ लावून शर्यत लावू नका, निदान पहिले काही महिने तरी. दोन भावंडांत हमखास भांडण होते. दोन पझल आणण्यापेक्षा एकाने तुकडा कापडी पिशवीत हात घालून चाचपून ओळखायचा आणि दुसऱ्याने लावायचा, अशी वाटणी करा. 'चोर तुकडा' हाही जोडीचा खेळ: डोळे मिटायचे, दुसऱ्याने एक देश लपवायचा, कोण गायब ते शेजाऱ्यांवरून ओळखायचे.

तुकडा हरवतोच. पझल घरात आले त्याच दिवशी सगळे तुकडे झेरॉक्सच्या काचेवर मांडून एक प्रत काढून ठेवा, म्हणजे हरवलेला देश पुठ्ठ्यातून पुन्हा कापता येतो. खंडागणिक वेगळी झिपची पिशवी, आणि तुकड्याच्या मागे खंडाचे नाव.

नऊ-दहा वर्षांचे मूल न अडखळता खंड लावू लागले की पझल दूर करा आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा कोरा नकाशा समोर ठेवा. आधी तुकड्यांभोवती पेन्सिल फिरवून, मग न बघता. वाकडे आले तरी चालेल. शेजारी बरोबर आला का एवढेच तपासा. आणि अधूनमधून वाटेचे प्रश्न घाला. भारतातून जमिनीवरून पोर्तुगालला जायचे तर कमीत कमी किती देश ओलांडावे लागतील? नॉर्वे आणि उत्तर कोरिया यांच्यामध्ये किती देश? दुसऱ्याचे उत्तर एक आहे. कोणता, ते मुलाला तुकडे लावून शोधू द्या.